शेवटच्या दोन मिनिटांची साक्ष

सोमवार, १७ नोव्हेंबर २००३, सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. विरारच्या मनवेलपाड्यातल्या एका इमारतीत नळाला पाणी सहाला येते, म्हणजे जयवंती तिरोडकर यांच्याकडे वीस मिनिटे होती. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्या राहून त्या पोस्टकार्ड लिहीत होत्या. बाहेरच्या खोलीत टेबल आहे, पण तिथे नवरा झोपला होता. आधीची दोन कार्डे त्यांनी फाडून कचऱ्याच्या डब्यात, मेथीच्या देठांखाली घातली होती. तिसऱ्यावर पत्ता लिहून झाला होता: कौस्तुभ आजगावकर, आचोळे, नालासोपारा पूर्व. मजकुराची बाजू कोरी होती.

तिथे काय लिहायचे ते त्यांना तेवीस वर्षे आठ महिने ठाऊक होते.

जयवंतीबाई सेहेचाळीस वर्षांच्या आहेत. वसई पूर्वेला प्रयोगशाळांसाठी काचेची मोजपात्रे बनवणारा एक लहान कारखाना आहे, तिथे त्या तपासनीस आहेत. पात्रात रेघेपर्यंत पाणी भरायचे, वजन करायचे, रेघ बरोबर आहे की नाही ते ठरवायचे. चुकीच्या रेघेचे पात्र पिंपात टाकून फोडतात, कारण बाजूला ठेवले तर कोणीतरी ते वापरतेच. "जाऊ द्या हो बाई, केसाएवढा फरक आहे," असे पर्यवेक्षक दिवसातून एकदा तरी म्हणतो. तोवर पात्र पिंपात पडलेले असते.

हीच शिस्त त्यांनी एका टीव्ही मालिकेला लावली होती.

'परतीची कक्षा' ही मराठी अंतराळमालिका २० डिसेंबर १९७९ पासून तेरा गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता लागत असे. चार माणसांचे यान शनीकडे निघते, आकडेमोडीत चूक होते, परतीचा मार्ग बंद होतो. यान पुठ्ठ्याचे आहे हे सगळ्यांना दिसत असे. कप्तानाच्या शिरस्त्राणाला कुकरचे रबर लावले होते, तेही दिसत असे. पण ती चार माणसे एकमेकांशी जे बोलत, ते लोक दुसऱ्या दिवशी कचेरीत आणि नळावर बोलत. चौघांत रेडिओ सांभाळणारी एक बाई होती. ती रोज ठरल्या वेळी पृथ्वीला हाक मारायची. उत्तर यायला अडीच तास लागायचे.

पुढे त्या फिती पुसून त्यांवर दुसरे काहीतरी चित्रित झाले. फिती महाग होत्या. संहिता कोणाकडे सापडली नाही, लेखक वारले होते. मालिका उरली ती पाहणाऱ्यांच्या डोक्यात.

१९९१ मध्ये जयवंतीबाईंनी एका वर्तमानपत्राला चार ओळींचे पत्र पाठवले: 'परतीची कक्षा'मधले आठवणारे एक वाक्य पोस्टकार्डावर लिहून कळवा. सदतीस कार्डे आली, बहुतेक वसई, नालासोपारा, विरारमधून. त्यातून मंडळ झाले. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी बैठक, आणि एक नोंदवही. वाक्य दोन माणसांनी, एकमेकांशी न बोलता, कळवले तरच वहीत जाई. साक्ष पोस्टकार्डावरच हवी, कारण कार्डावर टपालाचा तारखेचा शिक्का पडतो. तोंडी साक्ष चालत नसे. बैठकीत ऐकलेले वाक्य महिन्याभरात माणसाला आपले वाटू लागते, असे जयवंतीबाईंचे म्हणणे होते. शिवाय प्रत्येक साक्षीदाराने तीन गोष्टी लिहायच्या. भाग कुठे पाहिला, शेजारी कोण होते, आणि वाक्याच्या वेळी पडद्यावर काय दिसत होते. पहिल्या साक्षीदाराने हे शेवटचे उत्तर बंद पाकिटात द्यायचे. दुसरे कार्ड आले की तिसऱ्याच सदस्याने पाकीट फोडून दोन्ही उत्तरे ताडून पाहायची.

"एवढं तर कोर्टातही विचारत नाहीत," मंडळातले निवृत्त शिक्षक थॉमस सर एकदा म्हणाले होते.

"कोर्टात वकील असतात, सर. इथे मीच आहे."

बारा वर्षांत दोनशे बारा वाक्ये वहीत गेली. बारा भागांची पाने भरली. तेराव्या भागाच्या पहिल्या सहा मिनिटांची चार वाक्ये आहेत; त्यानंतर पान कोरे आहे.

त्याचे कारण असे. १३ मार्च १९८० च्या गुरुवारी सात वाजता शेवटचा भाग सुरू झाला आणि सात वाजून सहा मिनिटांनी चित्र गेले. पडद्यावर पाटी आली: 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. पाटी वीस मिनिटे राहिली. लोकांनी वाट पाहिली, शिव्या दिल्या, संच बंद केले, जेवायला बसले. सात सव्वीसला चित्र परत आले आणि मालिकेची शेवटची दोन मिनिटे दिसली. तोवर पडद्यासमोर कोण उरले होते? मंडळाला तसा एकच माणूस सापडला: वसईजवळच्या गास गावचे इग्नेशियस तुस्कानो. कामावरून परतताना ते अंधेरीत रेडिओच्या एका दुकानाच्या काचेबाहेर उभे राहून मालिका पाहत होते. दुकानदाराने संच बंद केला नाही आणि ते हलले नाहीत, एवढेच. यानावर शेवटी रेडिओवाली बाई एकटी उरली आहे आणि ती ध्वनिक्षेपकात बोलते, ते वाक्य त्यांनी १९९१ मध्येच कार्डावर लिहून पाठवले, पाकिटासह. पाकीट नोंदवहीच्या पत्र्याच्या डब्यात आहे. दरवर्षी इग्नेशियस कार्डाने विचारत, आणि जयवंतीबाई उत्तर पाठवत: दुसरा साक्षीदार नाही.

दुसरा साक्षीदार त्या स्वतः होत्या.

तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, लग्नाला दोन वर्षे झालेली. मनवेलपाड्यातच, कौलारू चाळीत राहत. घरात नवरा चंद्रहास, आणि चंद्रहास यांची धाकटी बहीण हंसा, वय सतरा. हंसाला फिट येत असे. तिला एकटीला विहिरीवर जाऊ द्यायचे नाही, हा घरातला कायदा होता. त्या गुरुवारी सहाला जयवंतीबाई डबा घेऊन रॉकेलच्या रांगेत गेल्या. साडेसहाला रेशन दुकानाचे पिंप रिकामे झाले आणि रांग मोडली. त्यांचा डबा भरला होता. घर दहा मिनिटांवर होते. वळणावर एका इंजिनीयरचा बंगला होता, खिडकी उघडी असे, आणि ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते तिथे उभे राहत. त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या, डबा हातात धरून. पाटी आल्यावर बाकीचे दोघेतिघे गेले. आतल्या माणसांनी जेवायला पाने घेतली, पण संच चालू राहिला.

सात दहाच्या सुमारास हंसा घागर घेऊन विहिरीकडे जाताना शेजारणीने पाहिली. मार्चात पाणी खाली गेलेले असते, वाकावे लागते. पावणेआठला ती विहिरीत सापडली.

"कुठे होतीस?" असे जयवंतीबाईंना विचारले गेले तेव्हा तोंडून "रांगेत" एवढेच आले. डबा भरलेला होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. रेशन दुकानदार काळूराम म्हणाला की रांग साडेसहालाच मोडली होती. बायकोला खोटे ठरवतो म्हणून चौथ्या दिवशी चंद्रहास यांनी भर रस्त्यात त्याच्या थोबाडीत मारली. चाळीतल्या लोकांनी मिळून त्याच्याविरुद्ध अर्ज केला, आणि वर्षाच्या आत दुकान दुसऱ्याच्या नावावर गेले. तेवढ्यानेच गेले असे म्हणता येणार नाही. पण अर्ज होता, आणि त्यावर जयवंतीबाईंचीही सही होती.

मंडळ त्यांनी का काढले, हे त्यांना कोणी विचारले नाही. एवढे नोंदवता येते की नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिला प्रश्न हाच विचारत: "शेवटची दोन मिनिटं पाहिलीत?" कोणीतरी 'हो' म्हणेल, खरे म्हणेल, आणि कोरे पान त्यांच्याशिवाय भरेल, याची त्या बारा वर्षे वाट पाहत होत्या. कोणी म्हणाले नाही.

चंद्रहास एका विमा कंपनीच्या कचेरीत जावक विभागात कारकून आहेत. बायकोचे 'अंतराळ' त्यांना मान्य होते. मंडळाची कार्डे रोज सकाळी तेच पेटीत टाकत. टाकण्याआधी प्रत्येकाचा पिनकोड तपासत, कारण पिन नसलेले पत्र हातून जाऊ द्यायचे नाही ही त्यांची तीस वर्षांची सवय. बैठकीला कधी कधी सोबत येत, व्हरांड्यात बसत, चहा घेत.

रविवारची बैठक गासला तुस्कानोंच्या घरी झाली, कारण इग्नेशियस यांना आता हलवता येत नव्हते. घशाचा कर्करोग. स्वरयंत्र दीड वर्षापूर्वी काढले होते, आणि तरीही तो पुन्हा आला होता. गळ्याच्या भोकावर जाळीचा रुमाल बांधून ते उशांना टेकून बसले होते. हातात शंभर पानी वही आणि पेन्सिल. आलेले पाच जण पलंगाभोवती खुर्च्यांवर.

बैठकीची पद्धत ठरलेली आहे. एकाने वाक्य म्हणायचे, बाकीच्यांनी भाग ओळखायचा. थॉमस सरांनी सुरुवात केली.

"'चूक कोणाची ते नंतर बघू. आधी हवा किती उरलीय ते बघा.'"

"भाग चार!" कौस्तुभ ओरडला. तो मंडळातला सर्वांत लहान, अठ्ठावीस वर्षांचा, संगणकाच्या कंपनीत आहे.

"तू कशाला ओरडतोस? भाग चार लागला तेव्हा तू लाळेरं बांधून होतास."

"पाच वर्षांचा होतो, सर! कप्तानाच्या हेल्मेटला घाबरून पलंगाखाली बसायचो. ऐकू सगळं यायचं."

"मग साक्षीत लिही. पडद्यावर काय दिसत होतं, तर पलंगाच्या पट्ट्या."

इग्नेशियस हसले. हसण्याचा आवाज आला नाही. रुमालामागून हवा शिटीसारखी वाजली. कौस्तुभने घाईने पुढचे वाक्य घेतले, यानावरच्या डॉक्टरचे. "'मी डॉक्टर आहे. खोटं बोलायची मला परवानगी आहे, सवय नाही.'"

"भाग सात," जयवंतीबाई म्हणाल्या.

इग्नेशियस यांनी वहीत लिहून वही फिरवली. 'आमच्या डॉक्टरला सवय आहे.'

थॉमस सर हसले आणि मग चष्मा पुसत बसले. आणखी पाच-सहा वाक्ये झाली. 'उपाशी माणसाला दिशा विचारू नये, तो स्वयंपाकघर दाखवतो,' यावर भाग दोन की तीन असा वाद झाला आणि वही उघडून मिटवला गेला. भाग तीन निघाला. "ताईंची वही म्हणजे पंचांग," कौस्तुभ म्हणाला. "मी म्हणतो, हे सगळं इंटरनेटवर टाकू. अमेरिकेतले लोक वाचतील."

"आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेतून चारशे वाक्यं येतील, सगळी खोटी," थॉमस सर म्हणाले.

मग इग्नेशियस यांनी लिहिले: 'माझं वाक्य?'

"दुसरा साक्षीदार नाही, इग्नेशियस," जयवंतीबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या सवयीचे होते.

'बारा वर्षं.'

"हो."

कौस्तुभ खुर्चीत पुढे सरकला. "ताई, मी देतो साक्ष. शेवटच्या दिवशी मी पलंगाखालून बाहेर आलो होतो, म्हणतो. कोणाचं काय जातं? अंकल, चालेल ना?"

इग्नेशियस यांनी पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. 'खोटी नको. एक खोटी लागली की माझीपण खोटी.'

व्हरांड्यातून चंद्रहास यांचा आवाज आला. ते उगाच बोलले नव्हते. त्यांना वाईट वाटले होते. "हिला बघायला मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता हो तुस्कानो. पण त्याच संध्याकाळी आमची हंसा गेली. ही बिचारी रांगेत उभी."

मंडळात हे सगळ्यांना माहीत होते. जयवंतीबाईंनी नोंदवही मिटून पिशवीत घातली.

निघताना इग्नेशियस यांचा मुलगा ॲन्सेल्म फाटकापर्यंत आला. तो वसईच्या एका सहकारी बँकेत आहे.

"डॉक्टर काय म्हणतात?" जयवंतीबाईंनी विचारले.

"आठवडा म्हणतात. जास्तीत जास्त दहा दिवस." तो थांबला. "बाय, एक विचारू? पप्पा मला रोज वहीत लिहून विचारतात, मी ते खरंच बघितलं होतं काय? आता त्यांना वाटतं स्वप्न असेल. औषधांनी डोकं तसंपण ठिकाणावर नसतं. मी काय सांगू? मी तेव्हा चार वर्षांचा."

"तुझं म्हणणं काय?"

"माझं काही नाही. फादर येऊन गेले, शेवटचं तेल लावून झालं. बाकी काही मागत नाहीत ते. हे एकच डोक्यात घेतलंय." मग थोडे कडवट: "तुमचे नियम बरोबर असतील. पण माणूस जाताना स्वतःवर संशय घेऊन जातो, हे बरं नाही."

जयवंतीबाई फाटकाबाहेर पडल्या. चंद्रहास रिक्षा थांबवून उभे होते.

सोमवारी सकाळी पाच बावन्नला त्यांनी तिसऱ्या कार्डाची कोरी बाजू भरली. नोंद ठेवणाऱ्याने स्वतः साक्ष दिली तर ती दुसऱ्या सदस्याकडे पाठवावी, असा नियम आहे. एकदाही वापरला गेला नव्हता. म्हणून पत्ता कौस्तुभचा. कार्ड मंगळवारी पोहोचेल, तो घरी येऊन पाकीट फोडेल, दोन्ही उत्तरे ताडून संध्याकाळी गासला जाईल, असा त्यांचा हिशेब होता. आठवडा हातात होता. मजकूर असा:

'भाग तेरा, शेवटचे वाक्य. "कोणी ऐकत असो नसो, वेळ झाली की बोलायचं. एवढंच ठरलं होतं." कुठे पाहिले: मनवेलपाडा, वळणावरच्या बंगल्याच्या खिडकीबाहेर, उभ्याने. शेजारी: कोणी नाही. पडद्यावर: उपडा ठेवलेला कप आणि तिचा डावा हात. बोटात अंगठी नाही, आधीच्या भागांत होती. १३ मार्च १९८०, सात ते सात अठ्ठावीस. जयवंती तिरोडकर.'

पाणी आले. त्यांनी पिंप भरले, हंडे भरले, डबा केला. कार्ड रोजच्या जागी, दाराजवळच्या फळीवर, मंडळाच्या आणखी दोन कार्डांबरोबर ठेवले. पोस्टकार्डाला झाकण नसते. जावक विभागातला माणूस पत्ता पाहायला कार्ड उलटतो तेव्हा दुसरी बाजू डोळ्यांखालून जातेच. जयवंतीबाईंना हे माहीत होते. नवऱ्याला सांगायचा दुसरा मार्ग त्यांना सापडला नव्हता.

सहा पन्नासला चंद्रहास चपला घालून फळीपाशी थांबले. पहिले कार्ड पाहिले, दुसरे पाहिले. तिसऱ्यावर बराच वेळ गेला.

"जयू, हे काय आहे?"

"वाचलंत ते."

"तू तर रांगेत होतीस."

"रांग साडेसहाला मोडली."

त्यांनी कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेले. "सात अठ्ठावीस लिहिलंयस. चित्र तर मध्येच गेलं होतं. तूच सांगतेस सगळ्यांना, वीस मिनिटं गेलं होतं."

"हो."

"मग वीस मिनिटं काय बघत होतीस?"

"पाटी."

"नुसती पाटी?"

"वाटलं, आता येईल. मग वाटलं, इतका वेळ थांबले तर अजून दोन मिनिटं."

"ती सात दहाला घागर घेऊन गेली." हे ते बायकोला सांगत होते की स्वतःशी मोजत होते, कळत नव्हते. "सात दहाला."

"मला माहीत आहे."

"काळूराम म्हणाला होता."

"काळूराम खरं बोलला होता."

चंद्रहास यांनी तिन्ही कार्डे शर्टाच्या खिशात, लोकलच्या पासाच्या मागे घातली. दार नेहमीसारखे ओढून घेतले, आपटले नाही. जेवणाचा डबा ओट्यावर राहिला.

जयवंतीबाई आठ दहाला कामावर निघाल्या. त्या दिवशी त्यांनी एकशे एक्याण्णव पात्रे तपासली आणि नऊ पिंपात टाकली. पर्यवेक्षक म्हणाला, "बाई, आज सुट्टी घ्यायची ना, चेहरा कसला झालाय." त्या म्हणाल्या, "काल गासला गेले होते, दगदग झाली."

संध्याकाळी सहा पस्तीसला फोन वाजला. ॲन्सेल्म होता.

"पप्पा गेले, बाय. दुपारी अडीचला. चर्चमध्ये मिस्सा उद्या चार वाजता, तुमच्या लोकांना कळवाल?"

"कळवते." मग त्यांनी बारा वर्षांत पहिल्यांदा आपला नियम मोडला. "ॲन्सेल्म, त्यांनी ते खरंच बघितलं होतं. वाक्य बरोबर आहे."

पलीकडे घरात माणसे होती, खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. "साक्षीदार मिळाला?"

"मी आहे. मी पाहिलं होतं."

पलीकडे त्याने कोणाला तरी हळू बोलायला सांगितले.

"सकाळी शुद्धीवर होते का?" जयवंतीबाईंनी विचारले.

"दहापर्यंत होते. वही मागितली होती." आणि मग, "सकाळी फोन केला असतात तर मी त्यांच्या कानात सांगितलं असतं. फोन त्यांच्या पलंगाशेजारीच आहे."

त्याने फोन ठेवला. तोंडी साक्ष चालत नाही, हा नियम जयवंतीबाईंचा होता. पाच बावन्न ते दहा, म्हणजे चार तास आठ मिनिटे, आधी घरी आणि मग कारखान्यात, त्यांच्या हाताशी फोन होता, आणि फोन करावा हे त्यांच्या मनातही आले नव्हते.

चंद्रहास सात पन्नासला येतात. ते आठ चाळीसला आले. पायावर धूळ होती.

"काळूरामकडे गेलो होतो," ते म्हणाले. "मुलाकडे असतो तो. स्टेशनापलीकडे."

"काय म्हणाला?"

"ओळखलं नाही. मी नाव सांगितलं. थोबाडीत मारली होती तुम्हाला, म्हटलं, भर रस्त्यात, रॉकेलवरून. तर सुनेला म्हणतो, पाहुण्याला पानी दे." त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "काहीच आठवत नाही त्याला. सून म्हणाली, गेली दोन वर्षं असंच आहे."

जयवंतीबाईंनी इग्नेशियस गेल्याचे सांगितले. त्यांनी मान हलवली.

"म्हणजे तुस्कानोंनाही पोचलं नाही," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवले. एकच; बाकीची दोन पेटीत टाकली होती. सकाळी टाकले असते तरी ते कौस्तुभला मंगळवारीच मिळाले असते, तेव्हा या एका गोष्टीचा दोष त्यांना देता येत नाही.

"हे टाकलं नाहीस," त्या म्हणाल्या, आणि मग, "टाकलं नाहीत."

"पिन नाही लिहिलेला."

जयवंतीबाईंनी कार्ड उलटले. खरेच नव्हता. बारा वर्षांत असे कधी झाले नव्हते.

"आणि उद्यापासून तुझी पत्रं तू टाक," चंद्रहास म्हणाले. ते आत गेले, हंसाचा भिंतीवरचा फोटो उतरवला, पदराने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला, आणि परत तिथेच लावला. जेवले नाहीत.

त्या टेबलापाशी बसल्या आणि कार्डावर सहा आकडे लिहिले. नियमाप्रमाणे पहिला साक्षीदार हयात असावा लागत नाही, पाकीट पुरते. पाकीट डब्यात आहे. ते फोडायचा अधिकार त्यांना नाही, त्यामुळे आत काय लिहिले आहे हे त्यांना अजूनही माहीत नाही.

वळणावरच्या टपालपेटीवर पत्रे काढायची वेळ पांढऱ्या रंगात लिहिलेली आहे. मंगळवारी ती पेटी सकाळी साडेनऊला उघडतात; तोवर कार्ड तिथे आता त्यांनाच न्यायचे होते.